काशिनाथमामांच्या दोन पेशी

आमच्या लातूरच्या दवाखान्यात किस्से साठतात ते भीतीमुळे. घाबरलेला माणूस गप्प बसत नाही, काहीतरी बोलून जातो. आणि घाबरण्यात मी पेशंटच्याही पुढे. माझं काम उपचार समजावून सांगायचं, पण आधी पाणी मलाच लागतं.

यातले निम्मे किस्से एकट्या काशिनाथमामांचे. निलंग्याकडचे शेतकरी. हृदयाचं पंपिंग इतकं कमी, की खाटेवरून दारापर्यंत जाताना दम लागायचा. औषधं सगळी देऊन झालेली. मी एका दमात सांगून टाकलं, "मामा, स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी. तुमच्याच शरीरातल्या. अजून प्रयोगच चालू आहे, गुण येईलच असं नाही."

आमच्याकडे कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात. मामा म्हणाले, "पेशी तर निलंग्याच्या कोर्टातबी चालूच हाय, माय. बांधावरून, धाकट्या भावासंगं. तिथंबी गुण न्हाई."

*

एकदा मॉनिटरचा अलार्म वाजला. मी दचकून थेट औषधांच्या ट्रॉलीवर. मामांच्या बोटावरची क्लिप निसटली होती, एवढंच.

"वाजलं माझं अन् उडाली तू," मामा म्हणाले. "तुलाच लाव की ती मशीन."

*

पेशी कमरेच्या हाडातून काढून हृदयात सोडतात. मामांना कुशीवर वळवलं, तसे ते डॉक्टरांना हळूच म्हणाले, "सायेब, दिल म्होरल्या बाजूला हाय."

*

त्या दिवशी बाहेर एक माणूस सकाळपासून उभा होता. मी विचारलं, "तुम्ही मामांचे कोण?"

"समोरची पार्टी."

मग डोळे पुसत म्हणाला, "दादाचं वय झालं. माझ्या पेशी घ्या की. मी धडधाकट हाय."

मी आत जाऊन निरोप दिला. मामांनी दाराकडे मान वळवली.

"नको म्हणावं. उद्या दिलातबी हिस्सा मागल." आणि जरा थांबून, "च्या पेला का त्यानं? इचार."

*

काही महिन्यांनी मामा तपासणीला आले ते जिना चढून, मध्ये एकदाच थांबून. डॉक्टर म्हणाले, पंपिंग थोडं वाढलंय; पेशींमुळे की औषधांमुळे, ते इतक्यात सांगता येणार नाही. मला रडूच आलं. पाणी मामांनी दिलं.

मागे पिशवी घेऊन धाकटे भाऊ. मामांनी फोनवर सांगितलेलं आठवून मी विचारलं, "आज तर तुमची कोर्टाची तारीख होती ना?"

"पुढं ढकलाया लावली," भाऊ म्हणाले. "वकील इचारत व्हता, कारण काय लिहू."

"मग?"

"म्हणलं, लिवा. समोरच्या पार्टीला पेशी हाय."