धरणाची ओहोटी

आधी माझा मूर्खपणा सांगते, म्हणजे तुम्हाला हसून घेता येईल. मी एकदा धरणाच्या काठावर बसून ओहोटीची वाट पाहिली होती. अर्धी दुपार! आणि एकटी नाही, सोबत हिरावन्संना बसवून.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. गेल्या महिन्यात श्रीवर्धनहून पुतण्याचा फोन आला, "काकू, आत्या गेली..." नव्वदी ओलांडलेली, जेवून कलंडली ती उठलीच नाही. रडू आलं, पण त्याच्या आधी डोळ्यांसमोर आलं ते धरण.

वन्संना घाटावर दिली होती. नवरा लवकर गेला, तरी त्यांनी सासर सोडलं नाही. भात लावायच्या, घर राखायच्या. मग साठ सालाच्या सुमारास नदीवर धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. वन्सं माहेरी आल्या त्या जात्याची वरची तळी डोक्यावर घेऊन. खालची तळी ओटीच्या जमिनीत पुरलेली, ती घाईत निघाली नाही. "अर्धं जातं आनलंस, आता कपाळ दळनार काय?" सासूबाई म्हणायच्या.

पुढे कळलं की धरणावर दगडी स्तंभ उभारलाय आणि बुडालेल्या गावांची नावं त्यावर कोरली आहेत. आमचे हे आम्हा दोघींना घेऊन गेले. मी नवी नवरी, दिघीच्या खाडीवर वाढलेली, चौथी पास, म्हणजे जगातलं सगळं समजलेली! आमच्याकडे होडी भरतीला सुटायची, खुबे-शिंपल्या ओहोटीला मिळायच्या, पाहुणेसुद्धा पाणी बघून घरी जायचे. चढलेलं पाणी उतरतं, यात शंका कसली?

स्तंभावर वरती धरणाचा इतिहास... पाया कधी घातला, उंची किती, काय कोणाच्या हस्ते. गावं अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. मी रुबाबात वाचलं आणि वन्संचं बोट त्यांच्या गावाच्या नावावर नेऊन ठेवलं. त्यांनी ती अक्षरं चाचपली आणि पाण्याकडे बघत डोळे पुसले. "त्या टेकाडाच्या खाली माझं घर हाय गो. तळी थितंच हाय."

"मग रडताय काय वन्सं? बसा. ओहोटी लागली की जाऊन उपसून आणू."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. आणि पदर सावरून खरंच बसल्या.

पाणी उतरलेलं कळावं म्हणून मी काठाला एक काटकी रोवली. वन्सं बोलत राहिल्या. ओटी कुठे, गोठा कुठे, नवऱ्याला शेवटचं कुठे निजवलं होतं... इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पाणी काटकीशी होतं तिथेच. मी शहाणी आपली मधूनमधून धीर देत होते, "आज अष्टमी ना वन्सं, भांगाचं पाणी, धिम्मं उतरतं."

आमचे हे आले ते ओरडतच. "उठा, गाडी सुटंल! काय चाललंय हितं?" मी सांगितलं. त्यांनी ते गाडीतल्या झाडून सगळ्यांना सांगितलं. घाट उतरेपर्यंत गाडी हसत होती, आणि पुढे कित्येक वर्षं सासरी माझं नाव 'ओहोटीवाली' होतं.

वरची तळी वन्संनी जन्मभर लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवली. तेराव्यानंतर पुतण्याने ती मला आणून दिली. आता माझ्या बरणीवर आहे. लोणचं काढायचं तर ती दोन्ही हातांनी उचलावी लागते, आणि उचलली की मी पुन्हा त्या गाडीत असते. सगळे हसताहेत, मी खिडकीकडे तोंड करून मुसमुसतेय. वन्संनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि कानाशी म्हणाल्या,

"धरनाला ओहोटी नसती, येवढं मला ठावं हाय गो चंपे. पन गाव बुडाल्यापास्नं जो तो मला म्हनतो, ऊठ. तू एकटीच म्हनालीस, बस."