सुईमास्तरांनी उभा केलेला डोंगर

आमचे साडू फरशा बसवतात. लोक त्यांना सुईमास्तर म्हणतात, कारण त्यांनी बसवलेल्या दोन फरशांच्या मध्ये सुई शिरत नाही. घरी नवा पाहुणा आला की पाण्याच्या आधी त्याच्या हातात सुई येते. "घाला बघू!" बिचारा गुडघ्यांवर बसून घाम गाळतो आणि साडू खटला जिंकलेल्या वकिलासारखे बघत राहतात.

बाकीचे कारागीर भिंतीलगत बोटभर फट सोडतात आणि वरून पट्टी मारून ती झाकतात. साडूंच्या मते हे कामचुकारांचे धंदे. मुलींच्या शाळेचं सभागृह त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत असं ठासून भरलं की मुंगीनेही दुसरी वाट शोधावी. तीन उन्हाळे निभावले. चौथ्यात, भर दुपारी, बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि मधल्या दोन रांगा एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिल्या.

निरोप आला तसा साडूंचा चेहरा उतरला.

"फरशीच खराब निघाली," ते म्हणाले. मग सिमेंट हलकं ठरलं. मग पोरी फार उड्या मारतात असं निघालं.

"अहो, सगळ्यांची नावं घेऊन झाली," मेहुणी म्हणाली. "आता घरातलंच एक राहिलंय."

तीस वर्षांत कमावलेलं नाव जायची वेळ आली होती. धीर द्यायला म्हणून मीही बरोबर गेलो. खरं तर गंमत बघायला. पाहतो तो भूगोलाच्या बाई अख्खा वर्ग घेऊन त्या उचललेल्या फरशांभोवती बसलेल्या. साडूंना वाटलं, पंचनामा चाललाय.

"या काका!" बाई म्हणाल्या. "आठ दिवस फळ्यावर डोंगर काढतेय, कुणाला पटेना. तुम्ही एका दुपारीत उभा केलात."

मग त्यांनी समजावलं. पृथ्वीचं कवच अखंड नाही, मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात, आणि खंडं त्यांच्यावरच बसलेली आहेत. दोन पट्ट एकमेकांवर रेटले गेले की मधली जमीन वर उचलली जाते. हिमालय तसाच झाला. दूर गेले की मध्ये समुद्र पसरतो. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एके काळी एकत्र होत्या. त्यांचे किनारे अजून जुळतात, आणि एकाच जातीच्या प्राण्यांचे अवशेष दोन्हीकडच्या खडकांत सापडतात.

"म्हणजे जमीनही उन्हानं फुगते?" साडूंनी विचारलं.

"नाही काका. फुगली ती फरशी. जमीन सरकते. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं खालचा खडक फार सावकाश वाहतो आणि पट्ट सरकतात. वर्षभरात आपली नखं वाढतात ना, साधारण तेवढे."

साडूंनी आपली नखं पाहिली. सिमेंटनं ती कधीच खाल्ली होती. पुराव्याला कुचकामी.

ते उकिडवे बसले आणि उभ्या फरशीवरून हात फिरवत राहिले. ज्या जमिनीच्या भरवशावर आयुष्यभर पाणसळ लावून सपाटी मोजली, तीच चालत होती, आणि तिनं कधी कुणाला कळूही दिलं नव्हतं.

"काका," एका मुलीनं विचारलं, "मग तुम्ही फरशीला फुगायला जागा का नाही ठेवलीत?"

मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या होत्या. मी चौथ्या सबबीची वाट पाहू लागलो.

"माज," साडू म्हणाले. "फरशीची चूक नाही, सिमेंटची नाही, तुमच्या उड्यांचीही नाही. कडेला फट लागते, हे मला उस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण घट्ट काम बघून लोक वाहवा करतात. म्हणून नाही ठेवली. चूक माझी."

"मग आता?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"सगळी उखडतो. आत्ताच." त्यांनी हातोडा उचलला.

बाई आडव्या आल्या. "आज हात लावायचा नाही हं! सातवीची दुसरी तुकडी राहिलीय."

साडूंनी हातोडा ठेवला आणि ते आपल्या डोंगराशेजारी बसून राहिले. दुसरी तुकडी आली. बाई तोंड उघडणार इतक्यात तेच म्हणाले, "बसा पोरींनो. आधी चूक कुणाची ते सांगतो, मग पृथ्वीचं बाई सांगतील."