उरल्या पिठाची चानकी

परमेश्वरला मी पहिल्यांदा फैलावर घेतलं ते पिठावरून. ताडकळसला बाजाराच्या रस्त्यावर माझी गिरणी आहे आणि गिरणीला लागून, भिंतीला भिंत, त्याचं घर. गडी मोटार वायंडिंगचं काम करतो. विहिरीवरची जळालेली मोटार त्याच्या दुकानात आली की हा मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत बसतो, आणि ती मोटार पुन्हा पाणी ओढायला लागते. बोलण्याच्या बाबतीत मात्र आनंद. आपण चार गोष्टी विचाराव्यात, त्यानं एकीचं उत्तर द्यावं, तेही मान हलवून. असा हा माणूस एक दिवस ज्वारीचं अख्खं पोतं गिरणीत आणून टाकतो आणि म्हणतो, "मावशी, सगळंच दळून टाका. रोजची कटकट नको."

"आरं, ज्वारीचं पीठ हाय का सिमेंट हाय?" मी म्हणाले. "थोड्या दिसात विरी जाती त्याची, चिकटपणा ऱ्हात न्हाई. भाकर थापायला गेलास की चिरा पडतेत."

"पडू द्या," म्हणाला आणि पोत्याला टेकून उभा राहिला. मीही दिलं दळून. काही माणसांना चटका बसल्याशिवाय तवा तापलाय हे कळत नाही.

चुलीशी त्याची गाठ पडायचं कारण त्याची बायको निकिता. ती पोलीस भरतीत निवडली गेली होती. लग्नानंतर, पोर झाल्यावर, पहाटे माळावर पळून पळून तिनं ते मिळवलं. लेकुरवाळीला कोण घेतंय म्हणून हसणारी सगळी तोंडं एका दिवसात मिटली. ट्रेनिंग लांबच्या गावी होतं, बरेच महिन्यांचं, आणि फोन फक्त रविवारी संध्याकाळी. मागे राहणार होते परमेश्वर आणि अंगणवाडीत जाणारी लेक राजनंदिनी. तिला सगळे नंदीच म्हणतात.

निघायच्या दिवशी निकिता माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाली, "नंदी नीट जेवली तर मी तिथं टिकंन. ती वाळायली असं कळलं, तर त्याच दिवशी परत येणार. वर्दी लेकरापेक्षा मोठी न्हाई." अर्ध्यातून परत आली की केलेलं सगळं पाण्यात, हे तिलाही माहीत होतं. परमेश्वरनं मान हलवली. मग तिनं नंदीला जवळ घेतलं, कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं आणि गाडीत बसली.

पहिल्या भाकरीचं वर्णन मी करणार नाही, परमेश्वर अजून गावात राहतो. एवढंच सांगते की तव्यावर गेलेली भाकरी एक होती आणि ताटात आली तेव्हा तिचे बरेच नातेवाईक झाले होते. मी भिंतीवरून ओरडले, "आधणाचं पाणी घाल पिठात! उकळतं!" तसं केल्यावर जरा जमू लागलं. महिना सरला तेव्हा परमेश्वर वरण करत होता, पिठलं करत होता, भाकरीही करत होता. जाड, पण भाकरी. नंदीला मात्र तो स्वयंपाकघरात येऊ द्यायचा नाही. "चटका बसंल," म्हणून टीव्ही लावून तिला बाहेर बसवायचा, दार लोटायचा, सगळं झालं की ताटात चतकोर भाकरी आणि वरण वाढायचा.

आणि नंदी दोन घास खाऊन म्हणायची, "पोट भरलं."

रडायची नाही, हट्ट करायची नाही. दुकानासमोरून जाताना कशाकडं बोट दाखवायची नाही. आमची सगळी गल्ली म्हणायची, काय शहाणं लेकरू आहे. पण शहाण्या लेकराचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. परमेश्वरनं तूप वाढवलं, तिखट कमी केलं, अंडी आणली, दुकानातली शेवयांची पाकिटं आणली. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि म्हणाला, पोटात काही नाही, आईची आठवण काढते आहे. आता आठवणीवर कुठलं औषध देणार? रविवारी फोन आला की निकिता विचारायची, "जेवतीस का गं?" आणि नंदी म्हणायची, "हो." परमेश्वर खाली बघायचा.

मग चारठाण्याहून कडूबाई आली, निकिताची आई. नावाला जागणारी बाई. उंबऱ्यात पाय ठेवल्या ठेवल्या तिनं नातीचा दंड दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "जावईबापू, लेकराला खायला घालायलाव का नुसतं वारं पाजायलाव?" मग मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढून झाली. तिनं स्वतः भाकरी केली, दुधात कुस्करली आणि नंदीला मांडीवर घेऊन भरवायला बसली. नंदीनं दोनदा तोंड उघडलं, मग मिटलं. "पोट भरलं, आज्जी."

शनिवारी दुपारी कडूबाईनं निकाल दिला. मी तिथंच होते.

"माज्यानं हिला न्यायचं व्हत न्हाई. घरी म्हातारा अंथरुणाला खिळलाय, त्याचं करू का हिचं? माय आल्याबिगर ही पोर जेवत न्हाई. उद्या फोन आला की मी सांगणार हाय निकिताला, ये म्हणून."

परमेश्वर म्हणाला, "बरं, मामी."

त्या 'बरं'चा मला इतका राग आला की मी उठून घरी आले. बायको माळावर पळायची तेव्हा हाच बाबा पहाटे अंधारात सायकलवर तिच्या मागं बॅटरी धरून जायचा. एवढं करून शेवटी 'बरं'? पण दुसरं तरी काय म्हणणार होता? पोर डोळ्यांसमोर वाळत होती आणि त्याला ती दुरुस्त करता येत नव्हती.

संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, लाइट गेली. माझी गिरणी मध्येच थांबली. त्याचं दुकानही बंद पडलं, लाइटीशिवाय मोटार लावून बघणार कशी? तो लवकर घरी आला. कडूबाई मारुतीच्या दर्शनाला गेली होती. मी पदराचं पीठ झटकलं, वाटीभर कढी घेतली आणि त्याच्याकडं गेले. भांडायचंच होतं मला.

मागचं दार उघडं होतं. ओट्यावर थापणं त्याला कधी जमलं नाही, म्हणून शेगडीही खाली उतरवून तो परात पुढ्यात घेऊन बसला होता. टीव्ही बंद म्हणून नंदी बाहेर एकटी बसेना, ती दाराला टेकून उभी राहिली होती. आईला जाऊन एवढे दिवस झाले, बापाला भाकरी थापताना ती पहिल्यांदाच बघत होती. आणि बघत होती ते कसं, तर पापणी न हलवता.

तीन भाकऱ्या झाल्या. परातीत चौथीचं पीठ होतं आणि वर लिंबाएवढा गोळा उरत होता. परमेश्वरची रीत अशी की उरलेलं पीठ शेवटच्या भाकरीतच दाबून टाकायचं, काही वाया जाऊ द्यायचं नाही. तो गोळा त्यानं उचलला, तसे नंदीचे दोन्ही हात पुढं आले. आणि लगेच पाठीमागं गेले.

परमेश्वरनं ते पाहिलं. जळालेल्या मोटारीत कुठली तार तुटली आहे हे शोधणारे डोळे होते ते.

"काय पायजे, नंदी?"

"काई न्हाई."

"सांग की."

"मम्मी म्हणली, पप्पाला काई मागायचं न्हाई. पप्पा देतेत ते गुमान खायचं." तिनं हात पाठीमागंच ठेवले. "मी मागितलं न्हाई. मी आजून काईच मागितलं न्हाई."

निकितानं निघताना कानात सांगितलं होतं ते हे. बापाला त्रास होऊ नये म्हणून सांगितलं होतं बिचारीनं. आणि त्या चिमुरडीनं ते पोलिसाच्या हुकमासारखं पाळलं होतं.

परमेश्वरनं पिठाचे हात तसेच तिच्या गालांना लावले. "आता मीच इचारायलोय. पप्पानं इचारलं की सांगायचं आसतंय. काय पायजे माज्या बाईला?"

नंदी अगदी हळू म्हणाली, "चानकी."

चानकी म्हणजे उरल्या पिठाची, तळहाताएवढी, घरातल्या लहान लेकरासाठी केलेली भाकरी. मोठ्यांच्या भाकरीतला तुकडा वेगळा आणि चानकी वेगळी. ती अख्खी त्या लेकराच्या एकट्याची असते. माझ्या आईनं मला केली, मी माझ्या लेकरांना केली, कडूबाईनं निकिताला केली नसेल असं होणारच नाही. निकिता रोज करत होती. पण परमेश्वर दुकानातून येईपर्यंत नंदी जेवून झोपलेली असायची, त्याला ते कधी दिसलंच नाही. आणि आम्ही दोघी जाणत्या बाया मीठ, तिखट, दूध, दृष्ट सगळं धुंडाळत बसलो आणि हे मेलं एकीच्याही डोक्यात आलं नाही.

त्यानं तो गोळा तिच्या हातावर ठेवला. नंदी मांडी घालून बसली, परातीत चिमूटभर कोरडं पीठ पसरलं आणि थापायला लागली. थाप थाप थाप, अगदी निकितासारखी, मान तिरकी करून. कडेला फाटली, तिनं बोटानं सांधली. परमेश्वरनं ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग जाळावर धरली आणि चानकी टम्म फुगली. नंदी खळखळून हसली. त्या घरात मी ते हसणं विसरूनच गेले होते.

चौथी भाकरी होईपर्यंत नंदीनं पिठल्याबरोबर चानकी सगळी खाल्ली. ताट बोटानं पुसलं. मग रिकाम्या परातीकडं बघितलं, मग बापाकडं.

"माग," परमेश्वर म्हणाला. "या घरात मागायचं. काय लागंल ते मागायचं."

"आजून एक."

परमेश्वरनं पिठाचा डबा ओढला. तो रडत होता आणि रडता रडता पीठ मळत होता. मी भांडायचं विसरले.

एका चानकीनं पोर गुटगुटीत होत नसते, हे मलाही कळतं. पण दुसऱ्या दिवशी नंदी सकाळपासून परमेश्वरच्या मागं स्वयंपाकघरात होती. शेंगा सोललेल्या हव्यात, मोठी वाटी नको लहान हवी, वरणात गूळ हवा. महिन्याभराचं मागणं तिनं एका दमात काढलं. बाप शेंगा सोलत होता, गूळ फोडत होता आणि चक्क बोलत होता. कडूबाई भिंतीला टेकून, हाताची घडी घालून सगळं बघत होती. नातीनं स्वतः थापलेली चानकी संपवून दुसरीला हात घातला तेव्हा ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आगं माय, हिची माय बी चानकीसाठी आशीच रुसायची."

संध्याकाळी फोन वाजला. तो उचलला कडूबाईनं. परमेश्वर दारात उभा, मी त्याच्या मागं. पलीकडून निकिताचं नेहमीचंच आलं, "नंदी जेवती का गं, आई? खरं सांग." कडूबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मला वाटलं आता बोलते ही, ये म्हणून.

"तुजा नवरा भाकर आजून जाडच करतोय," ती म्हणाली. "पर पोर जेवायली. मी माज्या डोळ्यानं बघितलंय. तू तिथंच राहा, पोरी. पुरं करूनच ये."

परमेश्वरनं दाराची चौकट घट्ट धरली.

निकिता ट्रेनिंग पुरं करूनच आली, उन्हाळा लागता लागता. खाकी वर्दीत, उन्हानं काळवंडलेली, केस कापलेली. सगळी गल्ली गोळा झाली. गर्दी पांगल्यावर ती हातपाय धुऊन जेवायला बसली, तशी परमेश्वरनं तिच्या ताटात भाकरी वाढली, बऱ्यापैकी पातळ. नंदीनं ती उचलून बापाच्या ताटात टाकली आणि आईसमोर स्वतः केलेली चानकी ठेवली.

"ही तुजी," ती म्हणाली. "आणि आजून पायजे आसली तर मागायचं बरं का, मम्मी. आमच्या घरात मागायला चालतंय."

निकितानं नवऱ्याकडं बघितलं. तिनं निघताना लेकीच्या कानात काय सांगितलं होतं, ते बहुतेक तिला तेव्हा आठवलं असावं. तिनं चानकीचा तुकडा मोडला, खाल्ला, मग दुसरा. सगळी संपली तेव्हा तिनं ताट लेकीपुढं केलं.

"आजून एक दे," निकिता म्हणाली.