रांगेतला पहिला जोड

‘बदली’ हा शब्द कोशात पाहिला तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी झालेली नेमणूक, असा अर्थ सापडतो. भिवंडीत बदली ही घटना नव्हे. बदली हा माणूस आहे. कायम कामगार गैरहजर असेल त्या एका दिवसापुरता त्याच्या जागी उभा राहतो, तो बदली. पूर्वी तो यंत्रमागाच्या कारखान्यांच्या दारात दिसे. दोन हजार आठ-नऊच्या सुमारास माग एकेक करून थांबले आणि तोच माणूस मानकोलीच्या गोदामांच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. तशा एका गोदामात मी हजेरी लिहीत असे. जिथे माणसांना वाट पाहण्यावाचून दुसरा उद्योग नसतो, तिथे किस्से फार साठतात.

* * *

यशवंतने बावीस वर्षे माग चालवला होता. त्याच्या मुलीचे लग्न जमत आले होते आणि ‘वडील काय करतात?’ याचे उत्तर मुलाकडच्यांना दिवाळीपूर्वी हवे होते. म्हणून त्याला कायम व्हायचे होते.

मुलाखतीला हेड ऑफिसचा एक तरुण अधिकारी आला होता. त्याने विचारले, “गोदामाचा अनुभव?”

“न्हाय साहेब. लूमचा हाय.”

“तो इथे धरत नाहीत. आम्हाला फ्रेशर हवेत.”

“मंग मना फ्रेशर लिवा की!”

अधिकाऱ्याने त्याच्या पिकल्या मिशीकडे पाहिले आणि ‘बदली’ असे लिहिले.

* * *

फाटकावर बाळारामदादा असत. गोदाम ज्या जमिनीवर उभे होते, ती एके काळी त्यांचीच. यशवंतच्या शेजारच्या मागावर काम केलेला सलीम, तोही आता बदलीच, एकदा त्यांना म्हणाला, “दादा, ज़मीन आपकी थी, और आप ही वॉचमन?”

“आधी फुकट राखायचो रे. आता युनिफॉर्म देतान!”

सगळे हसले. दादा हसले नाहीत. त्यांचा बी. कॉम. झालेला मुलगा त्याच घोळक्यात बदली म्हणून उभा होता.

* * *

दत्तू हा कायम कामगार. एका सकाळी तो फाटकातून आत जाताना खोकला. एकदाच! तेवढ्याने दहा-बारा बदली त्याच्याभोवती गोळा झाले.

“ताप हाय का?”

“डॉक्टर को दिखाया?”

“घरी जाऊन पड जरा, दत्तूभाऊ. जिवापेक्षा काम मोठं हाय का?”

दत्तूने सर्वांकडे एकवार पाहिले. “माजी बायको पन येवढी चौकशी करत न्हाय,” तो म्हणाला आणि खोकला दाबत आत गेला. दिवसभर तो पुन्हा खोकला नाही.

* * *

रोजगाराच्या पाहणीसाठी एक बाई फॉर्म घेऊन फाटकाशी आल्या. त्यांनी यशवंतला विचारले, “गेल्या आठवड्यात काम मिळालं?”

“एक दिस मिळालं.”

“मग तुम्ही बेरोजगारांत येत नाही. रोजगार असलेल्यांत येता.”

 यशवंत अगदी नम्रपणे म्हणाला, “बाई, चहाला घरी या. येवढंच आमच्या व्याह्यांना सांगा!”

* * *

आता शेवटचा. पहाटे यायचे, आपल्या चपलांचा जोड फाटकासमोर रांगेत ठेवायचा आणि अनवाणीच आसपास एखादे फुटकळ काम करून यायचे, अशी बदलींची पद्धत होती. आठला फाटक उघडे. तेव्हा धनी आपल्या जोडात उभा नसेल, तर दादा तो जोड काठीने बाजूला सारत आणि पुढच्याचा नंबर लागे. याबाबत दयामाया नव्हती. असावी असे कोणी म्हणतही नसे.

दत्तू काम सोडून गावी गेला. एक कायम जागा रिकामी झाली. सोमवारी रांगेत जो पहिला असेल त्याला ती मिळेल, असे सुपरवायझर नायरसाहेबांनी जाहीर केले.

सोमवारी पहिला जोड सलीमचा होता, दुसरा यशवंतचा. सलीम जोड ठेवून दापोड्याला एक ट्रक उतरवायला गेला. हायवेवर कंटेनर आडवा झाला आणि वाहतूक थांबली. आठ वाजले. सलीमचा पत्ता नव्हता.

नायरसाहेब फाटकाशी आले. “पहला किसका?”

 दादांनी काठी उचलली. यशवंतने फक्त गप्प राहायचे होते.

तो आपल्या जोडातून बाहेर आला, दोन पावले पुढे गेला आणि त्याने सलीमच्या चपलांत पाय घातले. त्या त्याला लहान होत्या. टाचा मागे लोंबत होत्या.

“मेरा, साब.”

“नाम?”

“सलीम.”

नायरसाहेबांनी त्याच्या टाचांकडे पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “लिखो.”

मी लिहिले. साडेनऊला सलीम धापा टाकत, अनवाणी आला. यशवंतने आतून येऊन त्याच्या चपला काढून दिल्या आणि आपल्या घालून तो घरी गेला.

हा किस्सा भिवंडीत अजून सांगतात आणि सांगणारे हटकून म्हणतात, की साहेब फसला. त्याला सगळे बदली सारखेच दिसत. हे चूक आहे. रविवारी संध्याकाळी नायरसाहेबांनी यशवंतला माझ्यादेखत नावाने हाक मारली होती आणि म्हटले होते, “यशवंत, कल टाइम पे आना. सबसे आगे.”