एकोणीस वर्षं

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास उडाला होता, असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. विश्वास होता, म्हणूनच राग होता. औंधच्या डोंगरावरची यमाई आमच्या सासरची कुलदेवी. लग्न झाल्यावर ओला पदर अंगाशी धरून मी तिच्या पायऱ्या चढले होते, आणि पुढे मुलगी झाली तेव्हा तिला कडेवर घेऊन पुन्हा चढले होते. ती बाई आहे, आई आहे, तिला आपलं कळतं, असं मला वाटे. बाविसाव्या वर्षी डॉक्टरांनी माझा डावा स्तन काढून टाकला तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो हाच, की तिला हे कळत असून तिने हे कसं होऊ दिलं.

मुलगी सात महिन्यांची असताना गाठ लागली होती. वडूजजवळच्या आमच्या गावात सुईण म्हणाली, दूध साकळलंय. पोटीस बांधून, लेप लावून चार महिने गेले. गाठ दगडासारखी झाली, वरची कातडी आत ओढली गेली, तेव्हा सासूबाईंनी मला माहेरी वाईला पाठवलं आणि आईने तिथून सांगलीला, मावशीकडे. लढाईचे दिवस होते. माझे यजमान पलटणीबरोबर समुद्रापार होते, त्यांचं पत्र दोन-दोन महिन्यांनी येई. मुलीला आईने वाईलाच ठेवून घेतलं. मोटार सुटताना ती आईच्या खांद्यावर झोपली होती, आणि तिला उठवून निरोप घ्यावा असं मला वाटलं नाही. पुढे कितीतरी दिवस मला त्याचीच चुटपुट लागून राहिली.

ऑपरेशननंतर क्ष-किरणांचे शेक सुरू झाले. इस्पितळात बायका त्याला 'लाईट' म्हणत. एक दिवसाआड इस्पितळात जायचं, थंडगार टेबलावर हात डोक्यावर घेऊन पडायचं, यंत्राची घरघर ऐकायची. दुखत काही नसे. दुखणं नंतर सुरू होई. दहाबारा शेकांनंतर छातीवरची कातडी काळी पडली, मग ओली झाली, मग तिच्यातून पाणी झरू लागलं. चोळी घालता येईना. काखेतून हात वर जाईना, त्यामुळे वेणी घालता येत नव्हती. तोंडाची चव गेली होती. मावशीचं घर हळदीच्या पेठेजवळ होतं, आणि जन्मभर आवडलेला तो वास आता नाकात गेला की मला ओकारी येई. भाकरी कुस्करून ताकात कालवायची, डोळे मिटून गिळायची आणि ती पोटात राहावी म्हणून भिंतीला टेकून बसायचं, यातच माझा अर्धा दिवस जाई.

मावशी वाईट नव्हती. तिच्या घरात तीन मुलं होती आणि हा रोग हवेतून लागतो असं तिला शेजारणींनी सांगितलं होतं. तिने माझा ताट-तांब्या वेगळा केला, अंथरूण सोप्यात घातलं आणि एके दिवशी नजर चुकवून म्हणाली, "तुझी धडुती इथे मोरीत नको गं धूत जाऊस. पहाटे घाटावर जात जा. गर्दीही नसते." जखमेवर बांधायला आईने बाबांची जुनी धोतरं फाडून पट्ट्या दिल्या होत्या. कापडाचा तुटवडा होता, एकही पट्टी टाकून देण्यासारखी नव्हती. त्या डागाळलेल्या पट्ट्यांचं गाठोडं घेऊन मी रोज उजाडता उजाडता कृष्णेवर जाऊ लागले. बायकांच्या नेहमीच्या जागेपासून खाली, नदी वाहून जाते त्या अंगाला मी बसत असे. कुणी सांगितलं नव्हतं, पण तेवढं मला समजत होतं.

अशात धाकट्या दिरांचं कार्ड आलं. दादा रजेवर येतो आहे, त्याचं दुसरं लग्न ठरवलं आहे, वहिनींनी मन मोठं करावं, त्यांच्या पोटापाण्याला काही कमी पडू देणार नाही. चार ओळींचं ते कार्ड मावशीनेच मला वाचून दाखवलं. यजमानांचं स्वतःचं पत्र मात्र आलं नाही. त्या दिवशी मी शेकाला गेले नाही. संध्याकाळी मावशीला म्हणाले, "मला वाईला पाठव. उरलेले शेक नकोत मला." परवाच्या गाडीने जायचं ठरलं. मला बरं व्हायचं नव्हतं. बरं होऊन कुठे जायचं, हेच मला दिसत नव्हतं. देवीला मी मनात म्हणाले, तुला हवं होतं ते घेऊन झालं, आता उरलेलंही घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने घाटावर गेले. पट्ट्या धुतल्या, पण पिळता येईनात. डाव्या हातात जोरच नव्हता. एक टोक पायाखाली धरून मी उजव्या हाताने पीळ देत होते आणि ते पुन्हा पुन्हा सुटत होतं. तेवढ्यात ते टोक कुणीतरी उचललं. चाळिशीच्या आसपासची, उंच, हडकुळी बाई होती. इरकली लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. बोलण्यात कानडी हेल होता. तिने पीळ दिला, पट्टी झटकली, दुसरी उचलली. तिसऱ्या पट्टीला म्हणाली, "लाईट घेतीस व्हय गं? किती झाले?"

"सोळा," मी म्हणाले. "आता नाही घेणार. उद्या घरी चाललेय."

"का गं?"

एका अनोळखी बाईला मी का सांगितलं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण सांगितलं. कार्डाचं सांगितलं, मुलीचं सांगितलं, वेगळ्या ताटाचंसुद्धा सांगितलं. ती पट्ट्या पिळत राहिली. माझं संपल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं, नदीकडे पाठ केली आणि आपला पदर बाजूला केला. चोळीखाली उजवी बाजू सपाट होती. तिने चोळीची गाठ सोडून मला तो व्रण दाखवला. काखेपासून बरगडीपर्यंत आडवा, अगदी माझ्यासारखा.

"एकोणीस वर्सं झाली बघ ह्याला," ती म्हणाली. "माझी लेक तवा अंगावर पीत हुती. आता तिला दोन पोरं हायती. मला तवा ही लाईट कुटली मिळायला, नुसता चाकूच. तरी जगले न्हवं? तुला तर लाईट मिळतीया. अर्ध्यात सोडू नगं, तंगी."

तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे मला ठाऊक होतं. मी त्या व्रणाकडे पाहतच राहिले. तो लालसर होता, कडेला कातडी काळवंडलेली होती. एकोणीस वर्षांचा व्रण कसा दिसतो हे मला कुठून माहीत असणार? मला दिसली ती फक्त जिवंत, उभी असलेली बाई, जी माझ्या घाणेरड्या पट्ट्या हातात घेऊन उभी होती.

"नवऱ्याचं?" मी विचारलं.

"ऱ्हायला तर ऱ्हायला, गेला तर गेला," ती म्हणाली. "पोरीला आई लागती. त्येवढं बघ."

पिळलेल्या पट्ट्यांचं गाठोडं बांधून तिने माझ्या उजव्या कडेवर दिलं आणि पायऱ्या चढून गेली. नाव विचारायचं राहून गेलं. मी घरी जाऊन मावशीला सांगितलं, की उद्या जात नाही. उरलेले सगळे शेक मी घेतले. यजमानांचं लग्न झालं, तेही मी सांगलीत असतानाच ऐकलं. ते मला भेटायला आले नाहीत. वाईला परतले तेव्हा मुलगी आईच्या मागे लपली आणि तीन आठवडे माझ्याकडे आली नाही. हे सगळं सोसताना माझ्या मनात एकच होतं: एकोणीस वर्षं. मुलीचं लग्न होईल तोवर मी असेन. मग एका दुपारी ती आपण होऊन माझ्या मांडीवर येऊन झोपली, आणि माझा पाय बधिर होईपर्यंत मी हलले नाही.

वर्षाने तपासणीसाठी सांगलीला गेले. सगळं ठीक निघालं. त्या बाईला द्यायला मी एक खण नेला होता. घाटावर दोन दिवस शोधलं, मग इस्पितळातल्या सिस्टरना विचारलं. उंच, कानडी बोलणारी, उजवी बाजू काढलेली, एवढं सांगताच त्या म्हणाल्या, "गंगव्वा. ती गेली की. तुम्ही गेल्यावर तीन-चार महिन्यांत."

मी म्हणाले, "कशाने? तिचा आजार तर एकोणीस वर्षांपूर्वीच बरा झाला होता."

सिस्टरनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग त्यांनी सांगितलं, की तिचं ऑपरेशन माझ्या आधी जेमतेम वर्षभर झालं होतं. शेक तिने याच यंत्रावर घेतले होते. रोग पाठीच्या मणक्यात उतरला होता, आणि त्या दिवसांत ती धर्मशाळेत राहून केवळ दुखणं कमी करायच्या औषधासाठी इस्पितळात येत असे. आता काही करता येणार नाही, हे तिला स्वच्छ सांगितलेलं होतं. "तुमच्या शेकाच्या दिवशी मात्र न चुकता विचारायची," सिस्टर म्हणाल्या, "वाईची पोर आली का म्हणून. आली म्हटलं की निघून जायची."

तो खण घेऊन मी परत निघाले. आनंदाचं सोडा, कृतज्ञताही त्या दिवशी वाटली नाही. फसवल्यासारखं वाटलं. जिच्या आयुष्याच्या भरवशावर मी जगायचं ठरवलं, तिच्याकडे आयुष्यच नव्हतं. वाईला न जाता मी वाटेत औंधला उतरले. डोंगर चढून गाभाऱ्यासमोर बसले आणि देवीला सगळं बोलले, मनातल्या मनात, पण काही शिल्लक न ठेवता. गंगव्वाला वाचवता येत नव्हतं का, म्हणून विचारलं. तिच्या लेकीला आई लागत नव्हती का, म्हणून विचारलं. दुपार झाली, दर्शनाच्या बायका येऊन गेल्या, मी तशीच बसून होते. शेवटी पुजाऱ्यांनीच विचारलं, "ओटी भरायची आहे का? कुणाच्या नावानं?"

मी खण पुढे केला आणि म्हणाले, "गंगव्वाच्या."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मुलीचं लग्न माझ्या हातून झालं. लोक म्हणतात, देवीने तुला तारलं. मी नाही म्हणत नाही. पण मी का आणि ती का नाही, हा काटा अजून जागेवर आहे, आणि तो काढून द्यावा असं मी देवीला आता म्हणत नाही. शरण जाणं म्हणजे सगळं चांगलंच होतं असं मानणं, अशी माझी समजूत होती. आता वाटतं, ते तसं नसावं. स्वतःचं सगळं संपलेलं माहीत असताना ती बाई खाली वाकली आणि दुसऱ्याची पट्टी पिळू लागली. शरण जाणं ते तेवढंच असेल. देवी त्या सकाळी घाटावर आली होती की नाही, ते मी सांगू शकत नाही. गंगव्वा आली होती.