बाईंनी गाव पसंत केलं

नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत टायपिस्ट होते. आमच्या कास्टिंगला, म्हणजे लोखंड ओतून केलेल्या भागांना, बारीक छिद्रं पडायची आणि माल परत यायचा. शेवटी मालकांनी मद्रासकडच्या एका इंजिनिअरला बोलावलं. माणूस धातूतला जाणकार, पण पुण्याची एक कंपनीही त्याच्या मागे होती. बायको आणि सात वर्षांची मुलगी घेऊन तो दोन दिवसांसाठी आला.

मालक मला म्हणाले, "साहेबांना भट्टी मी दाखवतो. तू बाईंना गाव दाखव. आणि चांगलं तेवढंच दाखव की!"

बाईंनी देवळाकडे जायच्या आधी शाळा बघितली. मग भाजीबाजार, दवाखाना. माझ्या मोडक्या हिंदीला त्या हसत नव्हत्या, पण प्रश्न मात्र नेमके विचारत होत्या. संध्याकाळी रंकाळा तळ्यावर आलो. ज्या कडेला जलपर्णी माजली होती ती बाजू मी टाळत होते, तर त्या नेमक्या तिकडेच वळल्या.

"वास येतो का इथं?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, "येतो. उन्हाळ्यात जास्तच."

गंगावेशीच्या चौकाकडे चालत आलो आणि गर्दीत मुलीचा हात सुटला. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मी दुकानादुकानांत विचारत सुटले. ज्याला विचारलं तो गल्ला सोडून आमच्याबरोबर शोधायला निघाला. दहा मिनिटांत सात-आठ माणसं झाली. तेवढ्यात पुढून मोठा आवाज आला, "कुणाची पोरगी हाय ही? भाषा कळंना झालीया!"

म्हशी उभ्या करून तिथंच ताजं दूध काढून विकतात, त्या कट्ट्यावर एका गवळणीनं तिला पोत्यावर बसवून ठेवलं होतं. मुलीच्या हातात फेसाळ दुधाचा पेला, ओठावर पांढरी मिशी.

"घाबरू नगासा पावणं," गवळण बाईंना म्हणाली. "तुमी न्हाय आला तर घरला नेणार हुती. तुमी पण घ्या की दूध."

बाई तिथंच कट्ट्यावर बसून रडल्या आणि मग दूध प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुण्याला नकार कळवला. पगार तिकडे जास्त होता, हे मला नंतर समजलं. वर्षभरात आमचा माल परत यायचा जवळजवळ थांबला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं मोठं काम मिळालं, नवी भट्टी आली. साहेबांच्या ओळखीनं आणखी दोन कुटुंबं कोल्हापुरात राहायला आली.

बदल मालकांच्यात मात्र सगळ्यात जास्त झाला. आधी त्यांना वीज आणि रस्ता सोडून दुसरं काही दिसायचं नाही. पुढे दोन हजार सालानंतर तळ्याच्या सफाईसाठी त्यांनी माझ्याकडून अर्ज टाइप करून घेतला आणि तो द्यायला स्वतः महापालिकेत गेले. मी सोबत होते. तिथल्या कारकुनानं विचारलं, "तुमची फौंड्री शिरोलीत. तळ्याशी तुमचा काय संबंध?"

मालक जोरात म्हणाले, "माझी माणसं कुठं राहत्यात? सकाळी त्यांच्या बायकापोरांनी फिरायचं कुठं? त्यांचं मन इथं रमलं तरच माझी भट्टी पेटतीया!"

कारकुनानं अर्जावर शिक्का मारला. त्या उन्हाळ्यात जलपर्णी काढायला शे-दीडशे माणसं पाण्यात उतरली. साडी खोचून मीही कडेला उभी राहिले आणि भिजलेली, जड मुळं ओढत दुपारपर्यंत ढीग करत राहिले.