लिंबाखालची चौकशी

किस्से गोळा करावे लागत नाहीत. चावडीपुढच्या कडुलिंबाखाली बसावं. चैतात फुलोरा पडतो तसे तेही अंगावर पडतात. झटकले तरी थोडे धोतरात राहतातच.

आमच्या गावचा कुणी पोरगा सरकारी नोकरीला लागला, की व्हेरिफिकेशनला जमादार येतो. पोरगा व्यसनी आहे का, कुठली केस आहे का, हे शेजाऱ्यांना विचारतो. शेवटी माझ्याकडं वळतो. शाळा मी चौथीत सोडली. पण मी खोटं बोलत नाही, हे जळकोटच्या पोलीस ठाण्यापर्यंत ठाऊक आहे.

*

एकदा नामदेव पाटलाच्या पोराची चौकशी होती. पाटलानं छाती फुगवून सांगितलं, “साहेब, पोरगं सुपारीबी खात न्हाय.”

तेवढ्यात पोरगा पाणी घेऊन आला. ओठ लालभडक. जमादार सावकाश पाणी प्याला आणि म्हणाला, “मग तोंडात काय, कुंकू?”

सारा पार हसला. पाटील सोडून.

*

म्हादूचं हसण्यासारखं नव्हतं. कॉलेजात मारामारी झाली, केस झाली, मिटलीही. नोकरीच्या फॉर्मात त्यानं ती सांगितलीच नाही. ट्रेनिंग चालू असताना उघडी पडली आणि त्याला घरी पाठवलं. एवढ्याशा भांडणापायी का, असं मी जमादाराला विचारलं.

“भांडण माफ झालं असतं, आबा. लपवलं, ते नडलं.”

तेव्हापासून म्हादू लिंबाच्या पलीकडच्या अंगाला बसतो.

*

मग कौसाबाईच्या दत्तूची पाळी आली. बाई विधवा, हा एकुलता. दारूगोळ्याच्या कोठारावर पहाऱ्याची नोकरी मिळायची होती. पण आधी ट्रकवर असताना तो गांजा ओढायचा. सोडून लई दिवस झाले होते. गावानं ठरवलं, कुणी तोंड उघडायचं नाही. दत्तू माझ्याकडं आला.

“आबा, तुमी काय सांगणार?”

“इचारलं तर खरं. त्याआधी तू सांग.”

कौसाबाईनं माझ्याशी बोलणं टाकलं.

*

या वेळी जमादारासोबत मोठे साहेब आले. दुपार होती. रानात ऊन धुरासारखं हलत होतं. फुलोरा साहेबांच्या टोपीवर पडत होता आणि कुणाला ते सांगवत नव्हतं. साहेबांनी नुसतं विचारलं, दत्तूचं घर कोणतं?

सारा पार एका तोंडानं म्हणाला, “गांजा न्हाय ओढत, साहेब!”

मग जो तो धोतरातला फुलोरा झटकू लागला.

दत्तू उभा राहिला. “ओढत व्हतो. सोडला.”

“सोडला, हे कशावरून?”

कडेला उभी असलेली कौसाबाई घरात गेली आणि देव्हाऱ्यातली चिलीम घेऊन आली. सोडली त्या दिवशी दत्तूनं ती देवीपुढं ठेवली होती. तेव्हापासून बाई रोज देवीबरोबर तिलाही हळदकुंकू वाहत आली होती. चिलमीचं तोंड पार बुजून गेलं होतं. साहेबांनी बोट घालून पाहिलं. जाईना. त्यांनी ती दोन्ही हातांनी परत दिली.

आखाडात दत्तूला ऑर्डर आली. निघताना त्यानं आईकडं चिलीम मागितली. तिथंही देवीपुढं ठेवीन म्हणाला.

कौसाबाई म्हणाली, “तू कोठार राख. हिच्यावर पहारा माझा.”